झाकलेली ओळ

शनिवार, ३ फेब्रुवारी २०२४

धाकटीस,

आशीर्वाद आहेतच, ते शेवटी घे. आधी दुरुस्त्या.

जुळारी मंडळाच्या जानेवारीच्या परिपत्रकात तुझी मुलाखत छापून आली आहे. मी ती तीनदा वाचली. एकदा साध्या डोळ्यांनी, दोनदा भिंगाने. अकरा वर्षांत तुझे एक अक्षर आले नाही आणि आले ते एकदम चारशे प्रतींत, याबद्दल मी काही म्हणत नाही. तथापि पुढील विधाने चुकीची आहेत.

पहिले. आपल्या जुळणीच्या खोलीत पहिला संगणक १९९४ च्या फेब्रुवारीत आला, असे तू सांगतेस. तो १७ मार्च रोजी, गुरुवारी आला. पावती माझ्यापाशी आहे.

दुसरे. 'दादाने रागाने माऊस भिंतीवर फेकला' हे असत्य आहे. मी तो टेबलावर ठेवला. जोराने ठेवला, हे मान्य. टेबल भिंतीला लागून होते, यात माझा दोष नाही.

तिसरे. 'दादाला स्वल्पविरामाशिवाय शिंकताही येत नाही' हे वाक्य तुझे नाही, तुझ्या वहिनीचे आहे. आमच्या विवाहनोंदणीच्या अर्जात मी कारकुनाच्या दोन चुका काढल्या, त्या दिवशी ती हे प्रथम म्हणाली. उसने वाक्य मूळ धन्याच्या नावासह द्यावे.

चौथे. मुलाखत घेणाऱ्याने 'लघुआज्ञा म्हणजे संगणकावरील बटणे' असे लिहिले आहे आणि तू ते जाऊ दिलेस. पुस्तक छापखान्यात पाठवण्यापूर्वीची पाने रचणाऱ्या त्या प्रणालीत चिन्ह बटणाने उमटत नाही, आज्ञेने उमटते, हे तुझ्याइतके कोणाला ठाऊक आहे? तीन तुटक रेघा दिल्या की एक लांब रेघ मिळते. टिंबे हाताने तीनदा ठोकली तर ती एकमेकांना चिकटतात वा ओळीच्या टोकाला फुटतात. आज्ञा दिली तर जोडीने राहतात. मूळ आज्ञा परक्या भाषेतल्या, लांबलचक, आणि आपल्या जुळाऱ्यांच्या तोंडात न बसणाऱ्या. त्यांच्या जागी उलटी तिरपी रेघ आणि पुढे आपले एखाद-दुसरे अक्षर, अशा एकशे बारा लघुआज्ञा तयार झाल्या. त्याच आपल्या पुस्तकाचा विषय. 'विरामचिन्हांच्या लघुआज्ञा' या पुस्तकाला बटणांचे पुस्तक म्हणणे म्हणजे गवयाला भोंगा म्हणणे होय.

पाचवे, आणि हे गंभीर आहे. 'शीर्षकपानावरून दादाने १० मे २०१३ रोजी माझे नाव काढले, जूनमध्ये पुस्तक आले, आणि आजवर त्याने खरे कारण सांगितले नाही.' पुस्तक जूनमध्ये आले नाही, १८ जुलैला आले. १० मे रोजी मी दवाखान्यात होतो. तुझी वहिनी आत आणि मी बाहेरच्या बाकावर. ७ मेपासून १३ मेपर्यंत मी जुळणीच्या खोलीत पाऊल टाकलेले नाही. जो माणूस यंत्रासमोर नाही, तो यंत्रातून नाव कसे काढील? तुझे नाव मी काढले नाही. तूच 'माझं नाव नको' म्हणालीस. मला ते स्पष्ट आठवते: तू दारात उभी होतीस, हातात किल्ल्या होत्या, आणि तू जरा हसतच म्हणालीस.

आता पत्राचे खरे कारण. मंडळ आपल्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढत आहे. पाने ३० मार्चच्या आत छापखान्यात गेली पाहिजेत. जुनी फाईल उघडण्यासाठी मंडळाने एक नव्या जुळणीबाई दिल्या आहेत. चाळिशीच्या, तुटक बोलणाऱ्या, सतत काहीतरी चघळणाऱ्या. परवा त्यांनी शीर्षकपानाची फाईल उघडली आणि मला विचारले, "काका, इथं खाली आणखी एक नाव आहे. झाकलेलं. ठेवायचं की काढायचं?"

फाईलमध्ये माझ्या नावाखाली तुझे संपूर्ण नाव आहे. त्याच्या आधी टक्क्याचे चिन्ह आहे.

आपल्या खोलीतली 'झाकण्याची' रीत त्यांना माहीत नव्हती, ती मी समजावून दिली. त्या प्रणालीत टक्क्याच्या चिन्हापुढे ओळीत जे काही असेल, ते यंत्र वाचतच नाही. फाईलमध्ये राहते, कागदावर उमटत नाही. म्हणून वादाची ओळ आपण खोडत नसू, झाकत असू. निर्णय झाला की चिन्ह काढून उघडत असू. तुझी ओळ अकरा वर्षे झाकलेलीच आहे.

ती कोणी झाकली? माझे डोके चालेनासे झाले आहे. तू झाकलीस काय? झाकली असशील तर तसे कळव, म्हणजे प्रश्न मिटला. नाव छापायचे असेल तर मंडळाला तुझी लेखी संमती लागेल. नाव असावे, असे माझे मत आहे.

तू गेलीस त्या दिवशी मी स्थानकावर आलो होतो. गाडी वेळेआधी सुटली होती. हेही मुलाखतीत नाही.

आशीर्वाद.

दादा


रविवार, ११ फेब्रुवारी २०२४

धाकटीस,

तुझ्या ऐवजी भाचीचे पत्र आले. पाच ओळींचे आहे, त्यातल्या तीन मला टोमणे आहेत. तिचे अक्षर सुधारले आहे, हे तिला सांग. ती लिहिते की आईला नाव नको. 'आई म्हणते, दादामामाला म्हणावं, चूक कुठंय ते तुला ठाऊक आहे, तू नुसता तिच्या आजूबाजूच्या तारखा पुसतोयस.' शिवाय, आईने १९९४ चा फेब्रुवारी महिना दुसऱ्या एका छापखान्यात रोज दोन बस बदलून जाऊन यंत्र शिकण्यात घालवला होता, हे मामाला ठाऊक आहे का, असेही तिने विचारले आहे.

मला ठाऊक नव्हते. तू दुपारी दाताच्या डॉक्टरकडे जातेस, असे मला सांगण्यात आले होते. महिनाभर कोणाचे दात दुखत नाहीत, हे मला तेव्हाच सुचायला हवे होते.

परंतु ओळीचा प्रश्न तसाच आहे. मी आठवडाभर त्याच्या मागे आहे आणि दिवसागणिक अधिक गोंधळतो आहे. तुझ्यापुढे मुद्दे ठेवतो. तुझे डोके माझ्यापेक्षा थंड.

अ. फाईल शेवटची कधी बदलली, हे यंत्र सांगते. मी जुळणीबाईंना ते पाहायला सांगितले. तारीख निघाली १ जानेवारी २००२. तेव्हा हे पुस्तक नव्हते, ही फाईल नव्हती, इतकेच काय, ते यंत्रही आपण घेतलेले नव्हते. मी म्हणालो, यंत्र खोटे बोलते आहे. बाई म्हणाल्या, "यंत्र नाही काका, त्याचं घड्याळ. आतली बॅटरी संपली की दर सकाळी त्याच दिवशी उठतं." म्हणजे त्या खोलीत तू आणि मी कितीतरी महिने १ जानेवारीतच काम करत होतो आणि आपल्याला पत्ता नव्हता.

आ. मग मी प्रुफांची पेटी काढली. शीर्षकपानाची पाच प्रुफे निघाली. चौथ्यावर तुझे नाव आहे. पाचव्यावर नाही. पाचव्यावर खाली उजवीकडे 'ठीक' हा शब्द, माझी सही आणि १० मे ही तारीख आहे.

ही सही मी भिंगाखाली ठेवली. सही माझीच वाटते. शेवटच्या अक्षराचा पाय मात्र लोंबतो आहे, जसा मी कधी लोंबू देत नाही. १० मेला मी दवाखान्यात होतो. पान खोलीत. सही पानावर. हे तिन्ही एकाच वेळी खरे कसे असेल? माझ्या सहीचे हुबेहूब वळण घरात आणखी एकाच व्यक्तीला येत असे, ही गोष्टही मनात आली. कुरिअर दारात ताटकळू नये म्हणून माझ्या नावे तू किती वेळा सही केली असशील, तुलाच माहीत. मी आरोप करत नाही. नुसती एक शक्यता म्हणून लिहितो.

इ. तू 'माझं नाव नको' म्हणालीस, हे मला अजूनही दिसते. दार, किल्ल्या, तुझे हसणे. पण त्या चित्रात तुझी वहिनी मागे स्टुलावर उभी आहे आणि तिच्या हातात हातोडी आहे. २०१३ च्या मेमध्ये ती स्टुलावर चढण्याच्या अवस्थेत नव्हती. मग ही हातोडी कुठून आली?

जुळणीबाईंना मी हे सांगितले नाही. त्या आधीच माझ्याकडे अशा नजरेने पाहतात, जशी आपण शेवटच्या प्रुफात नवे परिच्छेद घालणाऱ्या लेखकाकडे पाहत असू. काल त्यांनी सहज विचारले की या एकशे बारा आज्ञा कोणी बसवल्या. मी म्हणालो, "आम्ही." त्या म्हणाल्या, "आम्ही म्हणजे किती जण? कारण या एकाच बाईच्या हातच्या आहेत. काम कळतं ना, काका."

भाचीला नव्हे, मला लिही.

दादा


सोमवार, १९ फेब्रुवारी २०२४

धाकटीस,

मागील पत्रातल्या 'आ' मुद्द्यामधील शेवटची चार वाक्ये मी मागे घेतो. ती लिहायला नको होती. पत्र पेटीत टाकून घरी परतेपर्यंतच मला ते कळले होते. परंतु पेटीत हात जात नाही.

ओळ मी झाकली.

हे मला आठवलेले नाही. हे सापडले आहे, आणि दोन्हींत फरक आहे. शनिवारी जुळणीबाई शीर्षकपान साफ करत होत्या. जुन्या फाईलींत ओळी पडद्याच्या बाहेर लांबवर जातात, तुला माहीतच आहे. त्या म्हणाल्या, "काका, ही ओळ उजवीकडे अजून आहे." मी म्हणालो, नाव संपले, पुढे काय असणार. त्यांनी पडदा सरकवला. तुझ्या नावानंतर मोठी मोकळी जागा आणि मग, आपल्या रीतीप्रमाणे, झाकणाऱ्याची खूण आणि कारण. 'दा. ७ मे. उद्या ठरवू.'

काखेत कळसा आणि गावाला वळसा. त्या खोलीत मीच नियम केला होता की झाकणाऱ्याने तारीख आणि कारण लिहिल्याखेरीज ओळ झाकू नये. तू हसायचीस; झाकायचं ते झाकायचं, वर पाटी कशाला, म्हणायचीस.

'उद्या ठरवू' वाचल्यावर मात्र सकाळ आठवली. ७ मे, मंगळवार. चौथे प्रूफ टेबलावर होते. तुझ्या नावापूर्वी कोणता शब्द घालायचा, यावर आपले वाजले. मी 'साहाय्य' लिहिले होते. तू पेन्सिलीने ते खोडून 'लेखन' केलेस. मी म्हणालो की नियम सांगणारी प्रकरणे माझी आहेत. तू म्हणालीस, "आणि आज्ञा? त्या काय आभाळातून पडल्या?" मी म्हणालो की आज्ञा ही रचना आहे, लेखन नव्हे. तू म्हणालीस, "मग 'रचना' घाल. पण साहाय्य नको. साहाय्य काय, मी तुला पाणी देत होते?" मी म्हणालो, उद्या ठरवू, आणि बाकीचे पान अडू नये म्हणून ओळ झाकली. दुपारी तुझ्या वहिनीला दम लागला. त्यानंतर त्या आठवड्यात 'उद्या' असा काही दिवस आलाच नाही.

म्हणजे माझा हेतू नाव काढण्याचा नव्हता. हे आता लेखी आहे, खुणेसह आहे. मला वाटले, हे सापडल्यावर मन हलके होईल. झाले नाही. पाचव्या प्रुफावरची सही तशीच बघत बसली आहे. ओळ तात्पुरती झाकलेली आहे हे ठाऊक असताना मी ते पान 'ठीक' म्हणून का सोडले? आणि ते पान माझ्यापर्यंत आले कसे? दवाखान्यातले मला फारसे आठवत नाही. बाकाची एक पट्टी निघालेली होती. समोरच्या भिंतीवर 'शांतता पाळा'च्या पाटीत अक्षरांमधले अंतर चुकले होते. ती पाटी मी सात दिवस वाचली. बाकी काही आठवत नाही.

तुला आठवत असेल तर सांग. मी तुला साक्षीला बोलावत नाही. मला खरेच माहीत नाही.

दादा


शनिवार, ९ मार्च २०२४

धाकटीस,

तुझे पत्र सोमवारी मिळाले. पाकिटावरचे अक्षर ओळखून मी ते लगेच फोडले नाही; आधी चष्मा पुसला, मग भिंग पुसले, मग टेबल पुसले. तुझी वहिनी असती तर म्हणाली असती, आता भिंतही पुसा.

तू लिहिलेस ते येथे उतरवतो, कारण मला ते माझ्या हाताने एकदा लिहायचे होते.

'प्रूफ मी आणलं होतं. छापखाना थांबला होता, तूच आदल्या दिवशी म्हणाला होतास, आणून दे. मी बाकावर तुझ्याशेजारी बसले. पानावर माझं नाव नाही, हे मी येतानाच बसमध्ये पाहिलं होतं. मला वाटलं, तू ठरवलंस. तू सही केलीस. मी विचारलं, दादा, वाचलंस ना? तू म्हणालास, वाचलं. तू माझ्याकडे बघत होतास, पानाकडे नाही. वहिनी आत होती. मी त्या वेळी माझ्या नावाचं काय बोलणार होते?'

मी ते पान वाचले नव्हते.

धाकटे, मी तुला हे कसे सांगू, याची वाक्ये पाच दिवस जुळवतो आहे. आयुष्यात मी एकही पान न वाचता सोडले नाही, असे मी मंडळाच्या सभेत म्हणालो आहे, भाचीच्या लग्नात व्याह्यांना म्हणालो आहे, दवाखान्यातल्या त्या डॉक्टरलादेखील म्हणालो आहे. त्याने माझ्यापुढे संमतिपत्र धरले होते. ते मात्र मी वाचले होते. तीन पाने, त्यात सहा चुका. आणि त्यानंतर तू दिलेल्या पानाकडे पाहण्याची शक्ती माझ्यात उरली नव्हती. तू दिलेस म्हणजे ठीकच असणार, असे मला वाटले. तुझ्या हातून आलेले पान मी पहिल्यांदाच तपासले नाही, आणि नेमके त्याच पानावर तू नव्हतीस.

इथवरचे तू कदाचित समजून घेशील. यापुढचे नाही, आणि तेच मी पहिल्या तीन पत्रांत झाकले.

१८ जुलैला छापखान्यातून गठ्ठा आला. तू अकरा वाजता खोलीवर आलीस आणि तुला वाटले की तो तेव्हाच आला. तो दहालाच आला होता. मी सुतळी कापली, वरची प्रत घेतली, शीर्षकपान उघडले आणि तेथे फक्त मी होतो. मला तत्क्षणी सगळे आठवले: मंगळवारची सकाळ, टक्क्याचे चिन्ह, 'उद्या ठरवू'. माझ्या हाताला घाम सुटून कागदावर बोट उमटले. ती प्रत अजून माझ्यापाशी आहे.

तू येईपर्यंत मला एक तास मिळाला. त्या एका तासात मी जर म्हणायचे ठरवले असते की धाकटे, मी न वाचता सही केली, माझी चूक झाली, तर तू काय केले असतेस, हे मी आता पुष्कळदा मनात करून पाहतो. तू बहुधा मला दोन शब्द सुनावले असतेस आणि चहा ठेवला असतास. चारशे प्रतींत चिकटवायच्या चिठ्ठ्या आपण दोघांनी मिळून कापल्या असत्या.

तू पुस्तक टेबलावर ठेवलेस आणि विचारलेस, "दादा, हे तू असंच ठरवलं होतंस?"

आणि मी म्हणालो, "हो. तुझं काम टंकनाचं होतं. टंकन करणाऱ्याचं नाव शीर्षकपानावर घालत नाहीत."

हे वाक्य मी त्या तासात तयार केले होते. व्याकरणदृष्ट्या ते निर्दोष आहे. मला अन्यायी म्हणवून घेणे चालणार होते, निष्काळजी म्हणवून घेणे नाही. अन्याय निदान ठरवून केलेला असतो. मग अकरा वर्षे ते वाक्य टिकवण्यासाठी मला आणखी वाक्ये लागली. त्यातली काही मी इतक्यांदा म्हटली की माझी मलाच खरी वाटू लागली. तू दारात उभी राहून 'नाव नको' म्हणालीस, हे त्यातलेच. हातोडीचाही उलगडा झाला. तो दिवस खोलीच्या पाटीचा होता. तुझी वहिनी स्टुलावर चढून पाटी ठोकत होती, मी तुझे नाव त्यावर घालायला निघालो होतो, आणि तू हसून म्हणालीस, "पाटीवर माझं नाव नको, पुस्तकावर घाल."

वाक्याचा अर्धा भाग मी सोयीने झाकला होता.

जुळणीबाईंना काल मी हे सर्व सांगितले. त्या चघळायच्या थांबल्या. म्हणाल्या, "काका, तुमचं वय किती?" मी म्हणालो, एकोणऐंशी. त्या म्हणाल्या, "मग तुमच्या बहिणीचं?" मी म्हणालो, बहात्तर. त्या म्हणाल्या, "मग दुसऱ्या आवृत्तीच्या भरवशावर बसू नका. आजच लिहा." म्हणून आज लिहितो आहे.

तुझे नाव छापायचे की नाही, हे मी ठरवणार नाही. मुखपृष्ठावर, शीर्षकपानावर, आत, कोठे आणि कोणत्या शब्दापुढे, हेही नाही. तू 'नको' म्हणालीस तर तेही पूर्ण वाक्य म्हणून स्वीकारीन. मी एवढेच केले की ओळ उघडली आणि पान सोबत जोडले. नाव नको असेल तर ती तू खोडायची. यापुढे ती कोणी झाकणार नाही.

तुझ्या मुलाखतीच्या दुरुस्त्या मी मंडळाला पाठवल्या होत्या. त्या छापू नका, असे कळवले आहे. त्यांच्या जागी पुढील यादी पाठवली आहे. तीच तुला.

दुरुस्त तारखा

फेब्रुवारी १९९४. तुझ्यासाठी संगणक या महिन्यात आला. तू बरोबर होतीस. १७ मार्च, गुरुवार, ही फक्त पावतीची तारीख.

१९९४ मधीलच एक दिवस. तारीख सापडत नाही. माऊस भिंतीला लागला. मी फेकला होता.

१४ ऑगस्ट २००६, सोमवार. पाटी ठोकली. 'नाव नको' हे या दिवशीचे, आणि तेही अर्धे.

७ मे २०१३, मंगळवार. सकाळी ओळ मी झाकली. दुपारी तुझ्या वहिनीला दवाखान्यात नेले.

१० मे २०१३, शुक्रवार. पाचवे प्रूफ. न वाचता सही. परिपत्रकात तू दिलेली तारीख बरोबर आहे.

१३ मे २०१३, सोमवार. तुझी वहिनी गेली. येथे दुरुस्ती नाही. तिचे डोके तुझ्या मांडीवर होते आणि मी औषधाच्या दुकानात रांगेत होतो, हे मात्र नोंदवतो.

१८ जुलै २०१३, गुरुवार. दहा वाजता मला कळले. अकरा वाजता मी खोटे बोललो.

२४ जुलै २०१३, बुधवार. तू गेलीस. मी स्थानकावर आलो नव्हतो. गाडी वेळेवर सुटली, हे मला नंतर दुसऱ्याने सांगितले.

७ मार्च २०२४, गुरुवार. ओळ उघडली. तुझ्या नावापूर्वी 'लेखन' हा शब्द घातला. चिन्ह मी स्वतः काढले. जुळणीबाईंना हात लावू दिला नाही.

३० मार्च २०२४, शनिवार. पाने छापखान्यात देण्याचा शेवटचा दिवस. त्यांना सांगितले आहे की शीर्षकपान माझ्या सहीने येणार नाही.

शीर्षकपानास मंजुरी: तुझ्या हस्ताक्षरात. ही तारीख मला माहीत नाही.

दादा